संकरित गायींचे आरोग्य, गोठा-व्यवस्थापन आणि दुधाचे उत्पादन व प्रत : महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाराष्ट्रातील दुग्धव्यवसायाचा पाया गेल्या पाच दशकांत संकरित गायीवर उभा राहिला. जनावराची जात बदलली, परंतु ते जनावर ज्या गोठ्यात राहते तो गोठा अनेक ठिकाणी पूर्वीच्याच रचनेचा राहिला. प्रस्तुत लेखात गायीचे आरोग्य व निवारा यांचा दुधाच्या प्रमाणाशी आणि प्रतीशी असलेला कार्यकारणसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. उष्णतेचा ताण, कासदाह, खुरांचे विकार, परोपजीवी कीटक व प्रजननातील अडथळे या पाचही समस्यांचे एक मूळ गोठ्यात असते आणि त्यांचा परिणाम अखेर दूध संकलन केंद्रावरील फॅट व एसएनएफच्या आकड्यांतून उत्पादकाच्या उत्पन्नावर होतो, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : संकरित गाय, मुक्त संचार गोठा, उष्णतेचा ताण, सुप्त कासदाह, कायिक पेशी, स्वच्छ दूधनिर्मिती.

प्रस्तावना

भारत हा जगातील सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश आहे. २०२३-२४ या वर्षात देशाचे दूध उत्पादन सुमारे २३ कोटी ९३ लाख टन इतके नोंदविले गेले आणि उत्पादक राज्यांत उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश व गुजरात यांच्यानंतर महाराष्ट्राचा क्रम लागला. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात गोवंशाची संख्या सुमारे १ कोटी ४० लाख होती. डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ, खिल्लार अशा देशी जाती या भूमीत घडल्या. त्या मुख्यतः शेतकामासाठी पोसल्या गेल्या आणि येथील ऊन, पाऊस व निकृष्ट चारा त्यांनी सहज पचविला.

दुधासाठी गाय पाळण्याचा विचार बळावला तो संकरीकरणाच्या कार्यक्रमानंतर. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे ‘बायफ’ या संस्थेची स्थापना केली आणि कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. १९७० मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी व गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय विकसित केली. पुणे, अहिल्यानगर, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक या जिल्ह्यांत संकरित गाय अल्पभूधारक कुटुंबाच्या रोजच्या खर्चाचा आधार बनली. उसाचे पैसे वर्षातून एकदा मिळतात, दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी. मुलांची फी, किराणा आणि दवाखाना या दहा दिवसांच्या हिशेबावर चालतो.

मात्र या परिवर्तनात एक दुवा सुटला. दोन-तीन लिटर दूध देणाऱ्या आणि दिवसभर रानात चरून येणाऱ्या देशी गायीसाठी बांधलेला गोठा पंधरा-वीस लिटर दूध देणाऱ्या, चोवीस तास दावणीला राहणाऱ्या गायीसाठी तसाच वापरला जाऊ लागला. देशी गायीला गोठा रात्रीपुरता लागे. संकरित गायीचे सारे आयुष्यच गोठ्यात जाते. या फरकाचा परिणाम तपासणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

उद्दिष्टे व अध्ययन पद्धती

१) दूधनिर्मितीची शरीरक्रिया आणि गायीचा निवारा यांतील संबंध स्पष्ट करणे.
२) गोठ्याशी निगडित प्रमुख आजारांचा दुधाच्या प्रतीवर होणारा परिणाम मांडणे.
३) दावणीचा गोठा व मुक्त संचार गोठा यांची महाराष्ट्राच्या संदर्भात तुलना करणे.
४) दूधदराची पद्धती व गोठा-व्यवस्थापन यांतील संबंध तपासून काही उपाय सुचविणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून त्यासाठी दुय्यम साधनसामग्रीचा आधार घेतला आहे. लेखातील उत्पन्नाचे गणित केवळ उदाहरणादाखल दिलेले आहे.

दूध कसे तयार होते?

गोठ्याचे महत्त्व समजण्यासाठी दूधनिर्मितीची प्रक्रिया प्रथम लक्षात घ्यावी लागते. गायीच्या कोटीपोटात असंख्य सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतूंचे विघटन करतात. त्यातून अॅसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. अॅसिटिक आम्लापासून मुख्यत्वे दुधातील स्निग्धांश घडतो. प्रोपिऑनिक आम्लापासून यकृतात ग्लुकोज बनते आणि त्या ग्लुकोजपासून कासेत दुग्धशर्करा तयार होते. दुग्धशर्करा आपल्याबरोबर पाणी ओढून घेते. त्यामुळे दूध किती लिटर निघणार हे बव्हंशी दुग्धशर्करेवर ठरते. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते, ते याच कारणाने.

कोटीपोटातील आम्लता नियंत्रित ठेवण्याचे काम लाळ करते. गाय दिवसाकाठी शंभर लिटरहून अधिक लाळ गिळते आणि तिचा मोठा भाग रवंथ करताना स्रवतो. निरोगी गाय दिवसातून सात ते नऊ तास रवंथ करते आणि बारा ते चौदा तास बसून किंवा आडवी होऊन विश्रांती घेते. हा वेळ वाया जात नाही. एक लिटर दूध तयार होण्यासाठी कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त वाहावे लागते आणि गाय बसलेली असताना कासेकडील रक्तप्रवाह उभ्या स्थितीपेक्षा सुमारे २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. म्हणजेच गाय निवांत बसून रवंथ करीत असते, त्या वेळीही तिच्या कासेत दूध तयार होत असते.

यावरून गोठ्याच्या परीक्षेची साधी कसोटी हाती येते. गोठ्यात गाय किती वेळ बसते, किती वेळ रवंथ करते आणि हवे तेव्हा तिला पाणी मिळते का? जमीन खडबडीत, ओली वा उताराची असेल, दावे आखूड असेल किंवा दोन गायींतील अंतर अपुरे असेल, तर गाय बसण्याचे टाळते. दावणीच्या गोठ्यात पाणी दिवसातून दोन-तीन वेळा दाखविण्याची प्रथा आहे. दुभत्या संकरित गायीला उन्हाळ्यात दिवसाला ६० ते १०० लिटर पाणी लागते, आणि हे पाणी ती ठराविक वेळी एकदम पिऊ शकत नाही. पाण्यावाचून दूध वाढविण्याचा कोणताही उपाय नाही.

उष्णतेचा ताण

होल्स्टिन फ्रिजियन ही मुळात थंड प्रदेशातील गाय. साधारणतः ५ ते २५ अंश सेल्सिअस हे तापमान तिला मानवते. कोटीपोटातील आंबवणीतून आणि दूधनिर्मितीतून तिच्या शरीरात सतत उष्णता निर्माण होत असते. दूध जेवढे अधिक, तेवढी ही अंतर्गत उष्णताही अधिक. ती बाहेर टाकता आली नाही, तर शरीराचे तापमान ३८.५ अंशांच्या आसपासच्या सामान्य पातळीवरून वर चढते.

केवळ तापमानावरून हा ताण मोजता येत नाही, कारण हवेतील आर्द्रता अधिक असल्यास घाम व श्वास यांद्वारे होणारे बाष्पीभवन मंदावते. म्हणून तापमान-आर्द्रता निर्देशांक वापरला जातो. कोरड्या व ओल्या फुग्याच्या तापमापकांवरील अंशांची बेरीज करून तिला ०.७२ ने गुणावे आणि गुणाकारात ४०.६ मिळवावेत, अशी त्याची एक सोपी रीत आहे. निर्देशांक ७२ च्या आत असल्यास गाय सुखात आहे असे पूर्वी मानले जाई. अधिक दूध देणाऱ्या गायींबाबत नंतरच्या संशोधनाने हा उंबरठा ६८ पर्यंत खाली आणला. कोरड्या फुग्याचे तापमान ३५ व ओल्या फुग्याचे २५ अंश असेल तर निर्देशांक ८३.८ येतो. कोरडे २८ व ओले २० अंश, म्हणजे माणसाला बऱ्यापैकी सुसह्य वाटणाऱ्या हवेतही तो ७५.२ इतका भरतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, हे ध्यानात घेतल्यास संकरित गायीवरील ताणाची कल्पना येते.

ताणाखाली गाय प्रथम खाणे कमी करते. चाऱ्यापेक्षा खुराक निवडते, रवंथ कमी होतो, तोंडातून लाळ बाहेर गळून वाया जाते आणि कोटीपोटातील आम्लता वाढते. परिणामी स्निग्धांश घटतो. परंतु दूध घटण्याचे कारण केवळ कमी खाणे हे नव्हे. उष्णतेच्या ताणात शरीरातील इतर ऊती अधिक ग्लुकोज वापरू लागतात, कासेच्या वाट्याला ते कमी येते, दुग्धशर्करा कमी बनते आणि दूध आटते. खाण्यातील घट ही एकूण दूधघटीच्या साधारण निम्म्या भागाचाच उलगडा करते, असे नियंत्रित प्रयोगांतून दिसून आले आहे. त्यामुळे उन्हाळ्यात खुराक वाढवून दूध टिकविण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. खर्च वाढतो, आम्लता वाढते आणि मूळ कारण, म्हणजे गोठ्यातील उष्णता, तशीच राहते.

कमी उंचीचे पत्र्याचे छप्पर हा येथील मोठा दोष आहे. तापलेला पत्रा गायीच्या पाठीवर उष्णता फेकत राहतो. छप्पर बाजूस किमान १० फूट व मध्यभागी १५ फुटांच्या आसपास उंच असणे, गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम असणे, बाजूच्या भिंती कमी उंचीच्या व हवा खेळती ठेवणाऱ्या असणे, पत्र्यावर उसाचे पाचट वा गवत पसरणे आणि भोवती झाडे लावणे हे उपाय कमी खर्चाचे आहेत. पंखा व पाण्याचे फवारे यांचा उपयोग कोरड्या हवेत चांगला होतो. दमट हवेत वारा नसताना नुसते फवारे मारल्यास आर्द्रता वाढून त्रासच होतो. वैरणीचा मोठा भाग पहाटे व रात्री देणे हाही अनुभवसिद्ध उपाय आहे.

कासदाह : दृश्य आणि अदृश्य

दुधाच्या प्रतीवर सर्वाधिक आघात करणारा आजार म्हणजे कासदाह. ग्रामीण भागात यास ‘दगडी’ म्हणतात. कास सुजणे, तापणे, दुधात गुठळ्या वा रक्त येणे ही त्याची उघड लक्षणे होत. परंतु प्रत्यक्षात अधिक नुकसान सुप्त कासदाहाने होते. त्यात कास व दूध डोळ्यांना नेहमीसारखेच दिसते. सडात मात्र जंतूंचा शिरकाव झालेला असतो.

जंतूंशी लढण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी कासेत येतात. दुधातील या कायिक पेशींची संख्या हाच कासेच्या आरोग्याचा मापदंड आहे. निरोगी सडाच्या दुधात ती प्रतिमिलिलिटर २ लाखांच्या आत असते. युरोपीय संघाने कच्च्या दुधासाठी ४ लाखांची कमाल मर्यादा घातली आहे. पेशी वाढल्या की दुधाची घडण बदलते. दूध तयार करणाऱ्या पेशींना इजा झाल्याने दुग्धशर्करा व केसीन ही प्रथिने घटतात, रक्तातील सोडियम व क्लोराइड दुधात उतरल्याने त्याला खारट चव येते, सामू वाढतो. प्लाझ्मिन हे विकर केसीनचे विघटन करते, म्हणून अशा दुधाचे दही सैल लागते आणि पनीर व चीजचा उतारा कमी पडतो. स्निग्धांशाचे विघटन होऊन दुधाला व लोण्याला खवट वास येऊ शकतो. दूध तापवून जंतू मरतात. परंतु कासेतच बिघडलेली घडण तापविल्याने सुधारत नाही.

कासदाहाच्या जंतूंचे दोन गट पडतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस व स्ट्रेप्टोकोकस अॅगॅलॅक्टिये हे संसर्गजन्य जंतू बाधित सडातून धार काढणाऱ्याचे हात, फडके किंवा यंत्राच्या कपांद्वारे दुसऱ्या सडात जातात. ई. कोलाय व स्ट्रेप्टोकोकस युबेरिस हे जंतू मात्र शेण, मूत्र व ओल्या जमिनीतून येतात. पहिल्या गटाचा बंदोबस्त धार काढण्याच्या शिस्तीने होतो, दुसऱ्याचा गोठ्याच्या कोरडेपणाने. धार संपल्यानंतर सडाचे छिद्र अर्धा तास वा त्याहून अधिक काळ पूर्ण मिटलेले नसते. याच वेळी गाय ओल्या शेणावर बसली तर जंतूंना वाट मोकळी मिळते. म्हणूनच धार काढल्यावर लगेच वैरण टाकावी, म्हणजे गाय काही काळ उभी राहते. हा सल्ला बिनखर्चाचा आहे, आणि त्यामागील शास्त्र इतके स्पष्ट आहे.

इंग्लंडमधील रेडिंग येथील राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत १९६० च्या दशकात कासदाह नियंत्रणाची पाच-कलमी योजना आखली गेली. धार काढल्यानंतर सड जंतुनाशकात बुडविणे, गाय भाकड करताना सर्व सडांत औषध सोडणे, बाधित गायींवर त्वरित उपचार, वारंवार बाधा होणाऱ्या गायी कळपातून काढणे आणि दूध काढण्याच्या यंत्राची देखभाल, ही ती पाच कलमे. प्रतिजैविकांचा सरसकट वापर आता योग्य मानला जात नसला, तरी उर्वरित कलमांचे महत्त्व कायम आहे.

निदानाची चाचणीही साधी आहे. १९५७ मध्ये शाल्म व नूरलँडर यांनी मांडलेल्या कॅलिफोर्निया कासदाह चाचणीत प्रत्येक सडाचे थोडे दूध चार खणांच्या तबकात घेऊन त्यात तेवढेच द्रावण मिसळतात. कायिक पेशी अधिक असतील तर मिश्रण चिकट, शेंबडासारखे होते. धुण्याच्या पावडरचे ३ टक्के द्रावण वापरूनही याच तत्त्वावर प्राथमिक पाहणी करता येते.

खूर, गोचीड व माज

सतत सिमेंटच्या ओल्या जमिनीवर उभे राहिल्याने खुरे मऊ पडतात, झिजतात किंवा वेडीवाकडी वाढतात. पाय दुखणारी गाय गव्हाणीपर्यंत कमी वेळा जाते, कमी खाते आणि बसल्यावर उठण्याचे टाळते. दावणीला बांधलेल्या गायीचे लंगडणे लक्षातच येत नाही, कारण ती चालतच नाही.

गोचिडांचा प्रश्नही गोठ्याच्या बांधकामाशी जोडलेला आहे. गोचीड आयुष्याचा काही काळ जनावराच्या अंगावर व काही काळ भिंतीच्या भेगा, दगडांतील फटी आणि गव्हाणीखालील सांदीत काढते. केवळ अंगावरील गोचीड मारून ती हटत नाही. तिच्यामार्फत पसरणारा थायलेरियोसिस हा आजार देशी गायीपेक्षा संकरित गायीला अधिक घातक ठरतो. भिंतींच्या भेगा बुजविणे व चुना लावणे हे म्हणूनच आरोग्याचे उपाय आहेत. मुक्त संचार गोठ्यात अनेक शेतकरी गावरान कोंबड्या सोडतात, त्या गोचीड व कीटक टिपतात. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी चर्मरोगाची मोठी साथ आली, तेव्हा चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांचे नियंत्रण आणि पर्यायाने गोठ्याची स्वच्छता किती निर्णायक असते, याचा कटू प्रत्यय पशुपालकांना आला.

तिसरा मुद्दा प्रजननाचा आहे. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. मोकळ्या गायी एकमेकींवर उड्या मारतात आणि माज ओळखू येतो. दावणीच्या गायीत हे लक्षण दिसत नाही. त्यातच उष्णतेच्या ताणाने माज मुका राहतो. एक माज हुकला की २१ दिवसांचा खर्च अंगावर पडतो. दोन वेतांतील अंतर वाढत जाते आणि गायीच्या आयुष्यातील भाकड दिवसांची संख्या वाढते.

दावणीचा गोठा आणि मुक्त संचार गोठा

मुक्त संचार गोठ्यात गायींना दाव्याने न बांधता कुंपण घातलेल्या आवारात मोकळे सोडले जाते. एका बाजूस छप्पर व गव्हाण, उरलेले आवार मोकळे, मध्ये चोवीस तास भरलेली पाण्याची टाकी व अंग घासण्यासाठी खांब, अशी त्याची रचना असते. भारतीय मानकांनुसार या पद्धतीत प्रत्येक गायीस सुमारे ३.५ चौरस मीटर आच्छादित व ७ चौरस मीटर मोकळी जागा अपेक्षित आहे. गाय ऊन-सावली स्वतः निवडते, हवे तेव्हा पाणी पिते आणि कोरड्या जागी बसते.

या पद्धतीचा एक लाभ क्वचितच मोजला जातो. दावणीच्या गोठ्यातील शेण काढणे, गोठा धुणे, पाणी पाजणे व जनावरे आत-बाहेर बांधणे ही कामे बहुतांशी घरातील स्त्रिया करतात. मुक्त संचार गोठ्यात यांतील बरीच कामे कमी होतात. उत्पादनखर्चाच्या तक्त्यात घरच्या श्रमाला किंमत नसल्याने ही बचत कागदावर येत नाही. तथापि गोठ्याच्या निवडीत ती महत्त्वाची मानली पाहिजे.

मात्र मुक्त संचार गोठा हा सर्वत्र लागू पडणारा तोडगा नव्हे. कोकणात व सह्याद्रीच्या माथ्यालगत पावसाळ्यात मोकळ्या आवाराचा चिखल होतो आणि तो खुरांचे विकार व कासदाह या दोहोंना निमंत्रण देतो. तेथे छपराखालील जागा वाढविणे व पाण्याचा निचरा करणे अनिवार्य ठरते. मारक्या गायींमुळे दुबळ्या गायी वैरणीपासून वंचित राहतात, म्हणून गट पाडावे लागतात. गावठाणात राहणाऱ्या, दोन-तीन गायी असलेल्या कुटुंबाकडे आवारासाठी जागाच नसते. अशा वेळी दिवसातील काही तास झाडाखाली मोकळे सोडणे, दावे लांब ठेवणे, रबरी चटई वा कोरडे पाचट अंथरणे आणि गव्हाणीजवळ कायमस्वरूपी पाणी ठेवणे एवढे बदलही परिणामकारक ठरतात.

शासकीय धोरणातही हा विचार पुरेसा उतरलेला नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत दोन ते सहा जनावरांच्या पक्क्या गोठ्यासाठी ७७,१८८ रुपये अनुदान ठरविण्यात आले. त्यासाठी ७.७० मीटर लांब व ३.५० मीटर रुंद, म्हणजे २६.९५ चौरस मीटर जागेचा आराखडा होता. सहा जनावरांच्या हिशेबाने प्रत्येकी सुमारे ४.५ चौरस मीटर जागा येते. ती आच्छादित जागेच्या मानकात बसते. परंतु मानकातील मोकळ्या ७ चौरस मीटरांची सोय उत्पादकाने स्वतः करावयाची राहते. त्याच आराखड्यातील पिण्याच्या पाण्याची टाकी २०० लिटरची आहे. सहा दुभत्या संकरित गायींना एवढे पाणी उन्हाळ्यात दिवसभर पुरणार नाही. जमिनीचा पक्केपणा व मूत्रसंचय यांचा विचार या आराखड्यात दिसतो. गायीच्या विश्रांतीचा व तहानेचा विचार त्यामानाने कमी दिसतो.

दुधाची प्रत आणि ग्राहकाचे आरोग्य

निवारा व दुधाची शुद्धता यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई शहरातील दाट वस्तीतले तबेले बाहेर हलवून दूधपुरवठा सुधारावा, या हेतूने १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. या कार्याचे प्रवर्तक दारा खुरोडी यांना १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दूध दूषित होणे म्हणजे त्यात पाणी वा रसायन मिसळणे, असा सर्वसाधारण समज आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये केलेल्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासण्यात आले. त्यांपैकी अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विषद्रव्य मर्यादेपेक्षा अधिक असलेले नमुने ३६८ होते, तर प्रतिजैविकांचा अंश मर्यादेबाहेर असलेले ७७ होते. घातक भेसळीचे नमुने अवघे १२ निघाले. अफ्लाटॉक्सिन येते ते बुरशी लागलेल्या पेंड-खाद्यातून. प्रतिजैविक येते ते आजारी गायीवरील उपचारानंतर प्रतीक्षाकाळ न पाळता दूध संकलनात घातल्याने. म्हणजे या दोन्ही दोषांचा उगम गोठ्यात व गोठ्याशेजारील खाद्याच्या खोलीत आहे. गाय वारंवार आजारी पडू नये अशी व्यवस्था करणे, हाच प्रतिजैविकमुक्त दुधाचा खात्रीचा मार्ग होय.

दूधदर आणि गोठा

महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर साधारणतः ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ या प्रतीस आधार धरून ठरतो. २०२४ मध्ये शासनाने जाहीर केलेले प्रतिलिटर ५ रुपयांचे अनुदानही याच प्रतीशी जोडलेले होते. प्रत खाली गेली की दरात कपात होते. वर पाहिल्याप्रमाणे उष्णतेच्या ताणाने फॅट घटते आणि सुप्त कासदाहाने दुग्धशर्करा व केसीन घटून एसएनएफ खाली येते. मात्र पावतीवर केवळ आकडा येतो, कारण येत नाही. कमी एसएनएफ दिसताच उत्पादक पेंड वाढवितो, क्षारमिश्रणे आणतो, प्रसंगी संकलन केंद्राच्या यंत्रावर संशय घेतो. गोठा व कास तपासण्याचा विचार सहसा शेवटी येतो.

उदाहरणादाखल, दररोज १५ लिटर दूध देणाऱ्या गायीचे दूध सुप्त कासदाहामुळे १० टक्क्यांनी घटले असे मानू. दिवसाला १.५ लिटर, ३०० दिवसांच्या वेतात ४५० लिटर आणि ३० रुपये दराने १३,५०० रुपये एवढी ही हानी होते. यात प्रतीपोटी झालेली कपात व औषधोपचार धरलेले नाहीत. चार गायींच्या गोठ्यात दोन गायींना जरी ही बाधा असली, तरी वर्षाकाठी होणारे नुकसान साध्या गोठा-सुधारणेच्या खर्चाशी तुलना करण्याजोगे ठरते. हा तोटा कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसल्याने तो जाणवत नाही, इतकेच.

निष्कर्ष

१) दूधनिर्मिती ही गायीची विश्रांती, रवंथ, पाणी व शरीराचे तापमान यांवर अवलंबून असून या चारही बाबी गोठ्याच्या रचनेने ठरतात.
२) उष्णतेच्या ताणात केवळ खुराक वाढविल्याने दूध टिकत नाही.
३) सुप्त कासदाह हा दुधाच्या प्रतीतील घटीचा मोठा परंतु अदृश्य घटक आहे; त्याचे निदान अल्प खर्चात शक्य आहे.
४) मुक्त संचार गोठा कमी पावसाच्या भागात उपयुक्त आहे, अतिपावसाच्या भागात त्यात फेरबदल आवश्यक आहेत.
५) प्रचलित दरपद्धती दुधाची प्रत मोजते, परंतु प्रत घटण्याचे कारण उत्पादकापर्यंत पोहोचवीत नाही.

शिफारशी व समारोप

दूध संघांनी फॅट-एसएनएफबरोबर कायिक पेशींची नियतकालिक तपासणी करावी आणि तिचा निकाल उत्पादकाला कळवावा. गोठा अनुदानाच्या आराखड्यात मोकळे आवार, छपराची उंची व पाण्याची क्षमता यांचा समावेश व्हावा. पशुवैद्यकीय सेवा उपचाराबरोबर गोठा-सल्ल्यापर्यंत विस्तारावी.

या विषयात ग्रामीण महाविद्यालयांनाही करण्याजोगे पुष्कळ आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी निवडलेल्या गावात सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कासदाहाची पाहणी करावी, भूगोल विभागाने कोरड्या-ओल्या फुग्याच्या तापमापकाने गोठ्यांतील निर्देशांक नोंदवावा, अर्थशास्त्र विभागाने दूधपावत्यांचा अभ्यास करावा आणि समाजशास्त्र विभागाने गोठ्यातील स्त्रियांच्या श्रमाची मोजदाद करावी. एकाच गोठ्यात चार विद्याशाखांना पुरेल एवढा अभ्यासविषय आहे. आपल्या वर्गातील कितीतरी विद्यार्थी सकाळी धार काढून, दूध केंद्रावर घालूनच महाविद्यालयात येतात. त्यांच्या घरच्या गोठ्यात आपल्या ज्ञानाचा काही उपयोग झाला, तर त्यांच्या शिक्षणाचा खर्च भागविणारी ती गाय अधिक काळ निरोगी राहील.